शंभर टक्के, पण कशाचे?

“बॅटरी बसलीय, बदलून टाका.” मोबाईलच्या दुकानात हे निदान अर्ध्या मिनिटात होतं. फोन हातात घेऊन मागून जरा दाबून पाहायचा, “किती वर्षं झाली?” एवढं विचारायचं, की झालं. पुष्कळदा ते बरोबरही निघतं. पण नवी बॅटरी टाकूनही फोन संध्याकाळी सातला मान टाकतो, असंही होतं. कारण खरा खादाड असतो तो दिवसभर लोकेशन घेत बसलेलं एखादं ॲप, नाहीतर घरात जेमतेम रेंज देणारं नेटवर्क. बॅटरी खरंच म्हातारी झाली आहे का, आणि झाली असेल तर किती, हे फोन न उघडता घरी मोजता येतं. एक चार्जर, एक वही आणि थोडा धीर पुरतो.

पडद्याच्या कोपऱ्यातला टक्का या कामाचा नाही. बॅटरी किती भरली आहे एवढंच तो सांगतो. ती केवढी उरली आहे, हे नाही. धरणात गाळ साचत गेला तरी पाणी सांडव्याला लागलं की धरण भरलं असंच आपण म्हणतो. आत पाणी मात्र पूर्वीइतकं नसतं. चार वर्षं वापरलेला फोनही सकाळी शंभर टक्केच दाखवतो. ते शंभर टक्के आज उरलेल्या क्षमतेचे असतात, खोक्यावर छापलेल्या ५,००० एमएएचचे नव्हेत.

हा गाळ कसला, ते थोडक्यात. लिथियम-आयन बॅटरी सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणली, तेव्हापासून तत्त्व तेच आहे. चार्ज करताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात, वापरताना परत निघतात. ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर पहिल्या चार्जिंगलाच एक पातळ पापुद्रा धरतो. तो हवाच, त्याच्यामुळे आतलं द्रावण टिकून राहतं. पण पुढे तो जाड होत जातो आणि दर वेळी थोडं लिथियम स्वतःत अडकवून ठेवतो. ते लिथियम पुन्हा कामाला येत नाही. याचे परिणाम दोन: साठा घटतो आणि बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. बहुतेक लोक फक्त पहिला मोजतात, त्यामुळे “ॲप तर ८६ टक्के हेल्थ दाखवतंय, मग फोन मध्येच बंद का पडतो?” हा प्रश्न सुटत नाही. त्याचं उत्तर दुसऱ्यात आहे. आपण दोन्ही मोजू.

आधी फोनलाच विचारावं. आयफोनवर सेटिंग्ज, बॅटरी, बॅटरी हेल्थ या वाटेने गेलं की ‘मॅक्सिमम कपॅसिटी’चा आकडा मिळतो. आयफोन १५ पासूनच्या फोनांत सायकली किती झाल्या, बॅटरी कधी बनली आणि पहिल्यांदा कधी वापरली गेली, हेही दिसतं. सायकल म्हणजे एकदा चार्जिंगला लावणं नव्हे. आज साठ टक्के खर्चले, उद्या चाळीस, की एक सायकल भरते. ॲपलच्या म्हणण्याप्रमाणे आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० सायकलींनंतर आणि १५ पासूनच्या १,००० सायकलींनंतर ८० टक्के क्षमता राखतील अशा बनवल्या आहेत. अलीकडच्या पिक्सेल फोनांत ‘अबाउट फोन’मध्ये बॅटरीची माहिती असते, आणि ८ए पासून पुढे बॅटरीच्या सेटिंगमध्ये हेल्थचा टक्काही येतो. सॅमसंगच्या पुष्कळ फोनांवर सॅमसंग मेंबर्स ॲपमधल्या तपासणीत आकड्याऐवजी ‘गुड’सारखा शेरा मिळतो. प्रगतिपुस्तकावर ‘प्रगती समाधानकारक’ लिहिल्याने जेवढं कळतं, तेवढंच यातून कळतं.

युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनांना ८०० सायकलींनंतरही किमान ८० टक्के क्षमता टिकवण्याची अट घातली आहे. हे आकडे आता सेटिंगमध्ये दिसू लागलेत त्यामागे असल्या नियमांचा रेटाही आहे.

फोनने दिलेला आकडा हा अंदाज असतो, हे मात्र लक्षात ठेवावं. फोनमध्ये बॅटरीवर नजर ठेवणारी एक चिप असते. किती विद्युतभार आत गेला आणि किती बाहेर आला याचा ती हिशोब ठेवते, व्होल्टेजशी तो ताडून पाहते आणि त्यावरून क्षमता सांगते. हिशोब भरकटू शकतो. २०२१ मध्ये आयओएस १४.५ बरोबर ॲपलला आयफोन ११ च्या तिन्ही मॉडेलांसाठी हा आकडा नव्याने जुळवून घेण्याची सोय द्यावी लागली होती, कारण काहींना दिसणारी हेल्थ प्रत्यक्षाशी जुळत नव्हती.

ज्या ॲंड्रॉइड फोनमध्ये हेल्थचा टक्का दिसत नाही, त्यांच्यासाठी आता मोजमापाकडे वळू. ॲक्युबॅटरीसारखं ॲप चार्जिंग चालू असताना बॅटरीत जाणारा प्रवाह सतत वाचतं आणि बेरीज करत जातं. हिशोब सोपा आहे. समजा फोन १५ टक्क्यांवर लावला, ९५ वर काढला, आणि तेवढ्यात ३,४४० एमएएच आत गेले. ८० टक्क्यांना ३,४४०, म्हणजे शंभराला ४,३००. मूळ क्षमता ५,००० असेल तर ८६ टक्के उरले. ॲप हे आपणहून करतं, पण हा भागाकार स्वतः एकदा करून पाहावा, म्हणजे चूक कुठून शिरते ते कळतं.

ती बहुतेक वेळा टक्क्यातूनच शिरते. फोन टक्का पूर्णांकात दाखवतो, त्यामुळे एखाद्या टक्क्याचा फरक सहज पडतो. ऑफिसात चहाला उठताना फोन ५० वरून ६० पर्यंत चार्ज केलात, तर त्या दहा टक्क्यांत एकाची चूक म्हणजे उत्तरात दहा टक्क्यांचा घोळ. तीच चूक ८० टक्क्यांच्या चार्जिंगमध्ये जेमतेम सव्वा टक्क्यावर येते. म्हणून तुकड्या-तुकड्यांनी केलेल्या चार्जिंगचे आकडे मोजमापासाठी टाकून द्यावेत. महिन्यातून एखाद्या रविवारी फोन दहाच्या खाली उतरू द्यावा आणि एका बैठकीत शंभरपर्यंत न्यावा. पार खाली आणि पार वर व्होल्टेज स्पष्ट असल्यामुळे चिपलाही आपला हिशोब दुरुस्त करता येतो. हे फक्त मोजण्यासाठी. “बॅटरी पूर्ण उतरवूनच चार्ज करावी” हा सल्ला निकेल-कॅडमियमच्या काळातला आहे. लिथियमच्या बॅटरीला रोज ती कसरत करायला लावलीत तर ती लवकरच थकेल.

मोजताना फोन एअरप्लेन मोडवर, पडदा बंद, कव्हर काढून, पंख्याखाली ठेवा. चार्जर शक्यतो साधा, धिम्या गतीचा घ्या. ॲप ठराविक अंतराने प्रवाह वाचतं. मध्ये तुम्ही व्हिडिओ पाहत बसलात की प्रवाह वरखाली होतो आणि दोन वाचनांमधलं निसटतं. वहीत तारीख, सुरुवातीचा आणि शेवटचा टक्का, एमएएच आणि बॅटरीचं तापमान एवढं टिपा. चार-पाच नोंदी झाल्या की त्यातला मधला आकडा धरा. सर्वांत मोठा धरायचा मोह होतो, तो आवरावा.

आता भागायचं कशाने? इथे भले भले चुकतात. खोक्यावर ठळक छापलेली क्षमता बहुधा ‘टिपिकल’ म्हणजे सरासरी असते. ‘रेटेड’ म्हणजे किमान हमीची क्षमता बारीक अक्षरात असते. गॅलक्सी एस२१ अल्ट्राचं उदाहरण घ्या: टिपिकल ५,०००, रेटेड ४,८५५. म्हणजे कोरा करकरीत फोनही ९७ टक्के दाखवू शकतो आणि त्यात तक्रारीसारखं काही नसतं. दुसरं, मूळ क्षमता कुठल्याही वेबसाइटवरून उचलू नका. नथिंगचा फोन ३ भारतात ५,५०० एमएएचचा आहे, बाहेर ५,१५० चा. इथला फोन तिथल्या आकड्याने भागलात तर हेल्थ १०७ टक्के येईल आणि तुम्ही उगाच पेढे वाटाल.

तिसरा फसवा प्रकार वेगाने चार्ज होणाऱ्या फोनांचा. वनप्लस ८टी सारख्या फोनांत ४,५०० एमएएचची एक बॅटरी नसते, २,२५० च्या दोन असतात, एकापुढे एक जोडलेल्या. अशा जोडणीत प्रवाह एकच वाहतो, व्होल्टेज दुप्पट होतं. त्यामुळे ॲप मोजतं ते निम्मं. हेल्थ ४५ टक्के दिसली म्हणून दुकानाकडे धावण्यापूर्वी आपल्या फोनात दोन सेल आहेत का ते पाहा आणि आकडा दुप्पट करा. चौथा प्रकार उलटा आहे. काही फोन खरी मोजणी न करता मूळ क्षमतेला टक्क्याने गुणून ‘शिल्लक भार’ सांगतात. तीन वर्षांच्या फोनने तंतोतंत ५,००० एमएएच दाखवले तर खूश होऊ नका, ते पाठ केलेलं उत्तर आहे.

आणखी एक: घटलेली सगळी क्षमता वयामुळेच घटते असं नाही. पिक्सेल ९ए पासूनच्या पिक्सेल फोनांत २०० सायकलींपासून १,००० पर्यंत चार्जिंगचं कमाल व्होल्टेज टप्प्याटप्प्याने उतरवलं जातं. पिक्सेल ६ए च्या काही फोनांत बॅटरी तापण्याचा धोका दिसला, तेव्हा गूगलने २०२५ मध्ये ४०० सायकलींनंतर क्षमता आणि चार्जिंगचा वेग दोन्ही कमी करणारं अपडेट दिलं. वहीतला आकडा एका महिन्यात एकदम घसरला, तर आधी मधल्या काळात कुठलं अपडेट आलं ते पाहा.

ॲपवर विश्वास बसत नसेल तर यूएसबी मीटर घ्या. चार्जर आणि केबलच्या मध्ये लावायचं हे बोटाएवढं यंत्र मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन सहज मिळतं. पडद्यावर व्होल्ट, ॲम्पिअर, एमएएच आणि वॉट-अवर असे आकडे पळत असतात. फोन ३० टक्क्यांवर असताना ९ व्होल्ट, दीड-पावणेदोन ॲम्पिअर असं काहीतरी दिसेल. ऐंशीच्या आसपास ॲम्पिअरचा आकडा उतरू लागतो, नव्वदीनंतर तो पाव ॲम्पिअरपर्यंत रांगत येतो आणि फोनवर १०० उमटल्यावरही बराच वेळ थोडा प्रवाह जातच राहतो. शेवटचे दहा टक्के इतके का रेंगाळतात, हे एकदा मीटर लावून पाहिलं की समजावून सांगावं लागत नाही. मोजणी थांबवायची ती हा प्रवाह जवळजवळ शून्यावर आल्यावर.

मीटरवरचे एमएएच मात्र वाचू नका. ते ९ व्होल्टचे, बॅटरीतले ३.८५ च्या आसपासचे. दोहोंची तुलना होत नाही. वॉट-अवर वाचा. ५,००० एमएएच आणि ३.८५ व्होल्टच्या बॅटरीत १९.२५ वॉट-अवर मावतात. मीटर यापेक्षा जास्त दाखवेल, कारण व्होल्टेज उतरवताना आणि उष्णतेत काही ऊर्जा वाया जाते. ती नेमकी किती, हे चार्जर, केबल आणि फोनवर अवलंबून असल्यामुळे मीटरच्या एका वाचनावरून हेल्थ काढण्यात अर्थ नाही. मीटरचा खरा उपयोग तुलनेला. फोन नवा असताना, तो बंद करून, शून्यावरून पूर्ण चार्जला किती लागले ते टिपून ठेवायचं. समजा २२.६ लागले. दोन वर्षांनी त्याच चार्जरने, त्याच केबलने, फोन तसाच बंद ठेवून १८.५ लागले, तर उरले साधारण ८२ टक्के. वाया जाणारा भाग दोन्हीकडे जवळपास सारखा असल्यामुळे तो भागाकारात कटतो. ज्यांनी आत्ताच नवा फोन घेतलाय त्यांनी ही एक नोंद करून ठेवावी. पुढे वॉरंटीवरून दुकानदाराशी बोलतानाही ती हाताशी राहते.

आता रोधाकडे. फोन २० टक्क्यांवर असताना कॅमेरा उघडला आणि पडदा काळा झाला. चार्जरला लावल्यावर मात्र १८ टक्के दिसले. अशा वेळी साठा शिल्लक होता, तो हव्या त्या वेगाने बाहेर येऊ शकला नाही. प्रवाह वाढला की रोधामुळे व्होल्टेज दबतं, आणि फोनला लागणाऱ्या किमान पातळीखाली ते गेलं की फोन स्वतःला बंद करून घेतो. थंडीत हा त्रास वाढतो, म्हणून महाबळेश्वरच्या पहाटे फोन दगा देतो आणि खाली वाईत उतरल्यावर शहाण्यासारखा वागतो.

२०१७ च्या डिसेंबरात ॲपलने मान्य केलं की आयफोन ६, ६एस, एसई आणि ७ मध्ये थकलेल्या बॅटरीवर ताण येऊन फोन बंद पडू नये म्हणून सॉफ्टवेअरने प्रोसेसरचा वेग कमी केला जात होता. वापरणाऱ्यांना आपला फोन कशाने मंदावला ते माहीतच नव्हतं, आणि राग त्याचाच होता. पुढच्या वर्षी कंपनीने अमेरिकेत वॉरंटीबाहेरची बॅटरी ७९ ऐवजी २९ डॉलरना बदलून दिली, आणि आयओएस ११.३ पासून हेल्थचा आकडा सेटिंगमध्ये आला. तांत्रिकदृष्ट्या ॲपलचा उपाय चुकीचा नव्हता असं मला वाटतं. लपवणं चुकीचं होतं.

रोध मोजायला व्होल्टेज आणि प्रवाह दोन्ही दाखवणारं ॲप हवं. फोन ५० टक्क्यांच्या आसपास असताना चार्जर काढून ठेवा. पडदा मंद, एअरप्लेन मोड. मिनिटभराने आकडे टिपा. समजा ३.८४ व्होल्ट, १८० मिलीॲम्पिअर. आता पडदा पूर्ण उजेडावर, व्हिडिओ चित्रीकरण आणि टॉर्च चालू. पुन्हा मिनिटभराने पाहा. ३.६२ व्होल्ट, १,४८० मिलीॲम्पिअर. व्होल्टेज ०.२२ ने पडलं, प्रवाह १.३ ॲम्पिअरने वाढला, भागाकार ०.१७ ओहम. शाळेतला ओहमचा नियमच हा. हा आकडा शेजाऱ्याच्या फोनशी लावून पाहू नका, कारण प्रत्येक फोनची आतली जोडणी वेगळी. आपल्याच फोनचा, सारख्याच टक्क्यावर आणि सारख्याच तापमानाला, सहा-सहा महिन्यांनी घ्या. दीडपट-दुप्पट झाला तर हेल्थ काहीही म्हणो, बॅटरी थकली आहे.

एका गोष्टीवर वेळ घालवू नका: ‘बॅटरी कॅलिब्रेट’ करून देणारी ॲप. त्यांतली बरीचशी बॅटरीच्या वापराची नोंद ठेवणारी एक फाइल पुसण्यापलीकडे काही करत नसत. त्या फाइलचा टक्क्याशी काही संबंध नाही, हे ॲंड्रॉइडच्या अभियंत्या डायॅन हॅकबॉर्न यांनी २०१२ मध्येच सांगून टाकलं होतं.

बॅटरीला म्हातारी करणाऱ्या गोष्टींत उष्णता पहिली, आणि तापलेली बॅटरी भरलेलीही असेल तर दुप्पट वाईट. बॅटरीच्या साहित्यात नेहमी दिल्या जाणाऱ्या एका तक्त्यानुसार, २५ अंशांत ४० टक्के भरून ठेवलेली बॅटरी वर्षाने ९६ टक्के क्षमता राखते. ४० अंशांत पूर्ण भरून ठेवलेली ६५ टक्क्यांवर येते, आणि तीही न वापरता. ॲपल आपल्या फोनांसाठी भोवतालचं तापमान ३५ अंशांपर्यंतच ठीक म्हणतं. अकोला, चंद्रपूर, नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो. तिथे दुचाकीच्या हँडलवर उन्हात फोन, नकाशा चालू, पॉवर बँकेची वायर जोडलेली, असं दिवसभर फिरणाऱ्या डिलिव्हरीच्या पोराच्या बॅटरीकडून कंपनीने सांगितलेल्या सायकलींची अपेक्षा करू नये. त्याला एवढं सांगता येईल: उन्हात असताना चार्जिंग नको, सावलीत थांबलं की लावावं, आणि फोनमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा असेल तर ती चालू ठेवावी.

सेकंडहँड फोन घेताना एवढं सगळं मोजायला दुकानदार वेळ देणार नाही. तिथे पाच-दहा मिनिटांत तीन गोष्टी होतात. सायकली आणि बॅटरी बनल्याची तारीख दिसत असेल तर पाहा. २०२२ चा फोन आणि २०२५ ची बॅटरी असेल तर ती कुठे बदलली ते विचारा. आयफोनवर ‘अननोन पार्ट’ असा इशारा आहे का पाहा. आणि वरची टॉर्च-व्हिडिओची चाचणी ३० टक्क्यांच्या खाली करा. टक्के पायरी चुकल्यासारखे २८ वरून २१ वर आले तर पुढे बोलायची गरज नाही. फक्त हेल्थच्या आकड्यावर पैसे मोजू नका. हा आकडा वाढवून देणारी यंत्रं दुरुस्तीच्या बाजारात मिळतात, त्यामुळे जुन्या आयफोनवरच्या ‘हेल्थ १००’ने मी तरी हरखून जाणार नाही.

बदलायची कधी? ८० टक्के ही उद्योगाने मानलेली रेघ आहे. ७८ टक्के हेल्थवरही दिवस निघत असेल आणि फोन मध्येच बंद पडत नसेल, तर वापरत राहा. ८८ टक्के असूनही तो वीसवर आडवा होत असेल तर बदला. या दोहोंच्या मधल्यांनी वही पाहावी: सहा महिन्यांत दोन-तीन टक्के उतरले असतील तर घाई नाही, आठ-दहा उतरले असतील तर फार काळ वाट पाहू नये.

बॅटरी फुगली असेल तर मात्र मोजमाप वगैरे सगळं सोडा. मागचं झाकण उचललेलं दिसणं, पडदा कडेने वर येणं, टेबलावर ठेवला की फोन डुगडुगणं, ही तिची लक्षणं. असा फोन चार्जिंगला लावू नका, दाबून बसवू नका, घरी उघडू नका. बंद करून, गाद्या-पडद्यांपासून लांब ठेवा आणि सर्व्हिस सेंटरला न्या. जुनी बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. कंपनीच्या केंद्रात बॅटरी बदललीत तर जुनी तिथेच जमा करा. बाहेर बदललीत आणि दुकानदाराने ती तुमच्या हातात ठेवली, तर तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावून ई-कचरा केंद्रात द्या.